नेट चालत नाही, म्हणजे नेमकं काय?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नाशिकजवळच्या आमच्या एकलहऱ्यात जुन्या लॅपटॉपना एकदम भाव आला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पोरांच्या इंजिनिअरिंगसाठी २०१५-१६ च्या सुमारास घेतलेली यंत्रं त्यात बसत नाहीत. यंत्र मात्र ठणठणीत असतं. मग कुणाचा तरी भाचा पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू टाकून देतो, स्वतः पुण्याला निघून जातो, आणि दोन दिवसांनी मला फोन येतो, “काका, नेट चालत नाही.”

ही टिपणं त्या फोनांमधून जमलेली आहेत. हुकूम देवनागरीत लिहिलेत, कारण वही शेजारीपाजारी वाचतात. टाइप करताना अर्थातच रोमन.

*

इथल्या औष्णिक वीज केंद्रात, म्हणजे थर्मलमध्ये, माझी कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशनला नोकरी झाली. इथे २१० मेगावॅटचे संच आहेत. संच ट्रिप झाला की पॅनेलवरच्या खिडक्या भराभरा पेटतात, हूटर बोंबलतो. ड्रम लेव्हल, फर्नेस प्रेशर, फ्लेम फेल्युअर, टर्बाइन ट्रिप, जनरेटर ब्रेकर, सगळं एका दमात. नवीन पोरगा त्यातली सगळ्यात भीतिदायक खिडकी वाचतो आणि ओरडतो, “टर्बाइन गेलं!” टर्बाइनचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. धूर ओढणारे दोन्ही आयडी फॅन बसले म्हणून बॉयलर गेला, बॉयलर गेला म्हणून टर्बाइन गेलं. म्हणून पॅनेलवर ‘फर्स्ट अप’ची सोय असते: सगळ्यात आधी आलेली खिडकी वेगळ्या ठेक्यात लुकलुकते. ती वाचून लॉगबुकात लिहिल्याशिवाय रीसेटच्या बटणाला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला धडा.

ब्राउझर म्हणजे ती टर्बाइन ट्रिपची खिडकी. बिघाड कुठेही होवो, दिसतो तिथे. म्हणून लोक ब्राउझर काढतात, पुन्हा टाकतात, दुसरा टाकतात, आणि शेवटी लिनक्सच पुसून टाकतात.

*

तपासण्याचा क्रम. टर्मिनल उघडून ‘आयपी ए’ टाकायचं. ‘लो’ नावाची पहिली नोंद सोडून द्या, १२७.०.०.१ म्हणजे यंत्र स्वतःशीच बोलतंय. ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारी नोंद वायफायची, ‘ईएन’ने सुरू होणारी तारेची. तिथे १९२.१६८ ने (काही ठिकाणी १० किंवा १७२ ने) सुरू होणारा आकडा असेल तर राउटरने पत्ता दिलाय. नसेल तर पुढचं काहीही तपासू नका, बोंब इथेच आहे.

मग ‘आयपी रूट’. त्यात ‘डीफॉल्ट व्हाया’च्या पुढे जो आकडा असतो तो राउटरचा. त्याला पिंग. तो बोलला तर ८.८.८.८ ला पिंग. तोही बोलला तर एखाद्या नावाला पिंग. आकडा लागतो आणि नाव लागत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडा सांगणाऱ्या सर्व्हरचा. नावही लागतं आणि पान उघडत नाही, तेव्हाच ब्राउझरकडे बघायचं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत तिथवर फारच थोड्या पोचतात.

विंडोजमधला पिंग चार वेळा विचारून गप्प बसतो. इथला थांबत नाही. समोरच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त फिटर ‘तपासणी संपण्याची’ वाट बघत चहा पिऊन आले. कंट्रोल-सी दाबायचं.

पिंग लिहिला माइक मूस यांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत. तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून एकाच संध्याकाळी हजारेक ओळी लिहून मोकळे झाले. एक मात्र ध्यानात ठेवावं: पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे पलीकडचं मेलंच असं नाही. कित्येक कॉलेजांच्या आणि कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये पिंग मुद्दाम अडवलेला असतो.

*

निरोप वाचा. सगळा. इंग्रजी आहे म्हणून डोळा चुकवू नका.

‘नेटवर्क इज अनरीचेबल’: यंत्राला बाहेर पडायची वाटच माहीत नाही. पत्ता मिळाला नाही किंवा डीफॉल्ट रूट नाही.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’: वाट माहीत आहे, पण त्या वाटेवरचं यंत्र हाकेला ओ देत नाही. ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’पुढे आपलाच पत्ता असेल तर अडचण घरातल्या घरात.

‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’: नाव सांगणारा सर्व्हरच भेटला नाही. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ हे वेगळं: विचारलं, पण असं नाव नाही असं उत्तर आलं. आधी स्पेलिंग बघा.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ यांत लोक फरक करत नाहीत, आणि तिथेच तास वाया जातात. रिफ्यूज्ड ही खरं तर चांगली बातमी: समोरचं यंत्र जिवंत आहे, त्याने उत्तर दिलं, फक्त त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही. टाइम्ड आउटमध्ये उत्तरच नाही. मधे फायरवॉल असेल, पत्ता चुकला असेल, यंत्र बंद असेल. पहिल्यात सर्व्हर चालू करायचा, दुसऱ्यात वाट शोधायची.

*

मागच्या गल्लीतल्या वहिनींच्या लॅपटॉपला वायफाय दिसायचं, पण राउटरच्या शेजारी पाट मांडून बसलं तरच. स्वयंपाकघरात आलं की गायब. विंडोजमध्ये हा त्रास नव्हता. भाच्याने निदान केलं होतं, “राउटर बदला.”

‘एलएसपीसीआय’ने कार्ड कळलं: रिअलटेकचं, आरटीएल ८७२३ बीई. हा जुना ओळखीचा गुन्हेगार. या कार्डाला अँटेना जोडायला दोन टोकं असतात. पैसे वाचवायला काही लॅपटॉपांत अँटेना एकच बसवली, आणि ती कुठल्या टोकाला आहे याची कार्डाच्या स्मृतीतली नोंद चुकीची राहिली. विंडोजचा ड्रायव्हर ती चूक सांभाळून घेतो, लिनक्सचा ड्रायव्हर नोंदीवर विश्वास ठेवतो आणि रिकाम्या टोकावर कान लावून बसतो. उपाय एका ओळीचा: ‘मॉडप्रोब डॉट डी’ या फोल्डरमध्ये त्या ड्रायव्हरच्या नावाची फाइल करून ‘एएनटी-सेल’ हा पर्याय १ किंवा २ द्यायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. १ ने झालं नाही, २ ने झालं. वहिनी पाटावरून उठल्या.

यातलं डोकं कुणाचं? ज्या कुणी पहिल्यांदा लॅपटॉप उघडून अँटेनाची तार कुठे जाते ते बघितलं, त्याचं.

*

वायफायचं कार्ड चालत नाही. ड्रायव्हर लागेल. ड्रायव्हर नेटवर आहे. नेट वायफायवर आहे. ब्रॉडकॉमच्या कार्डवाल्यांना हे चक्र चांगलं ठाऊक आहे.

ते असं तोडायचं: फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला ते तारेचं कनेक्शन वाटतं, काही टाकावं लागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर, फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच नेट केबलने लॅपटॉपला मिळतं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. हे सांगितलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ड्रायव्हर टाकून झाल्यावरही कित्येक जण महिनोन् महिने तसेच केबल लावून बसतात, तो भाग वेगळा.

*

ड्रायव्हरच्या या चक्रावरून विनमोडेम आठवले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, फोनच्या लायनीवर. पुढच्या काही वर्षांत पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी मिळायला लागल्या, आणि घरोघरच्या स्वस्त मोडेमनी दगा दिला. त्या मोडेममधलं अर्धं काम चिपऐवजी विंडोजचं सॉफ्टवेअर करायचं. लिनक्समध्ये ते कार्ड म्हणजे नुसता पत्रा. आजची नडणारी वायफाय कार्डं त्याच वंशातली.

गंमत म्हणजे ब्राउझर जन्मला युनिक्सच्याच घरात. टिम बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर १९९० चा, नेक्स्ट यंत्रावरचा. १९९३ चा मोझॅकसुद्धा आधी युनिक्सच्या एक्स विंडोवर आला, विंडोजवर नंतर. आणि आज एखादं सरकारी पोर्टल मला सांगतं की तुमची सिस्टिम चालणार नाही!

*

फोनवरून:

“काका, पासवर्ड बरोबर आहे, तरी वायफाय घेत नाही.”

“वर कोपऱ्यात कीबोर्ड कुठला दिसतो? ईएन की एमआर?”

“...एमआर.”

“पासवर्ड दाखवा वर टिचकी मार.”

“अय्या, हे तर मराठीत चाललंय सगळं!”

ठिपक्यांआड भाषा दिसत नाही. मराठी कीबोर्ड हौसेने लावलेल्या प्रत्येक घरात हे एकदा होतं.

*

डॉकरचं प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो, कारण या भागात इंजिनिअरिंगची मुलं भरपूर आणि हे त्यांनाच होतं.

तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. म्हणाला, “काका, कॉलेजच्या वायफायवर सगळं जग उघडतं, फक्त कॉलेजचाच असाइनमेंटचा सर्व्हर उघडत नाही. बाकी सगळ्यांना उघडतो. फायरफॉक्स, क्रोम, दोन्ही बघितले. कॅश साफ केली. लॅबवाले सर म्हणतात, तुझं लिनक्स काढ.”

“कधीपासून?”

“असाच. मागच्या आठवड्यापासून.”

“मागच्या आठवड्यात काय टाकलंस?”

“काही नाही.”

‘काही नाही’ हे उत्तर मी कधी धरत नाही. त्याला ‘आयपी ए’ टाकायला लावलं. वायफायच्या नोंदीखाली एक पाहुणा बसला होता: ‘डॉकर शून्य’, पत्ता १७२.१७.०.१. प्रोजेक्टसाठी डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं होतं, ते त्याच्या लेखी नेटशी संबंधितच नव्हतं. आता कॉलेजच्या सर्व्हरचा पत्ता विचारला. तोही १७२.१७ मधलाच.

खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले पत्ते तीन पट्ट्यांत आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. हे १९९६ मध्ये ठरलं. कुणीही वापरावेत, विचारायची गरज नाही. त्यामुळे कॉलेजने १७२.१७ घेतलं त्यात गैर नाही, डॉकरने डीफॉल्ट म्हणून तेच घेतलं त्यातही गैर नाही. पण दोन्ही एका लॅपटॉपमध्ये आले की यंत्र म्हणतं, १७२.१७ तर माझ्याच पोटात आहे, बाहेर कशाला शोधू? सर्व्हरसाठी निघालेलं पाकीट वायफायपर्यंत पोचतच नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ‘आयपी रूट गेट’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता. एकच ओळ येते, आणि त्या ओळीत पाकीट कुठल्या दाराने जाणार ते लिहिलेलं असतं. त्याच्याकडे ‘डेव्ह डॉकर शून्य’ असं आलं. मुलगा पाच मिनिटं त्या ओळीकडे बघत बसला. मग डॉकरच्या ‘डीमन डॉट जेसन’ फाइलमध्ये ‘बीआयपी’ या शब्दापुढे दुसरी पट्टी दिली, डॉकर पुन्हा सुरू केलं, सर्व्हर उघडला.

लिनक्स काढायची गरज नव्हती. सरांनाही ती ओळ दाखव म्हणून सांगितलं आहे.

*

प्रॉक्सीचं भूत. हॉस्टेलमध्ये कुणीतरी ‘हे टाक म्हणजे नेट चालेल’ म्हणून प्रॉक्सीचा, म्हणजे नेटच्या वाटेवरच्या मध्यस्थ सर्व्हरचा, पत्ता टाकून देतं. मुलगा दिवाळीला घरी येतो, फायरफॉक्स म्हणतं प्रॉक्सी सर्व्हर कनेक्शन नाकारतोय. घरी प्रॉक्सी कुठला असणार?

काढायची जागा एक नाही, हीच पीडा. फायरफॉक्सची स्वतःची सेटिंग, डेस्कटॉपची वेगळी, टर्मिनलची वेगळी (‘ईएनव्ही’ टाकून ‘प्रॉक्सी’ शब्द शोधा), आणि सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या ‘एपीटी’ची आणखी वेगळी, ‘ईटीसी’मधल्या तिच्या फोल्डरात. त्यातून ‘कर्ल’ला ‘एचटीटीपी-प्रॉक्सी’ हे नाव फक्त लहान अक्षरांतलंच कळतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं तर दुर्लक्ष करतो. त्यामुळे ब्राउझर सुधारतो पण अपडेट होत नाही, किंवा उलटं. मग “अर्धं नेट चालतं” अशी तक्रार येते, आणि ती खरी असते.

*

‘अर्धं नेट’चा दुसरा प्रकार. काही साइट लगेच उघडतात, काही साइटवर चाक फिरतच राहतं. पिंग सगळीकडे झकास. फायबर घरात आल्यापासून हे वाढलं.

तारेवरून एका पाकिटात १५०० बाइट जातात. फायबर देणारे बरेच जण ग्राहकाला पीपीपीओईने जोडतात, त्याचा ८ बाइटचा शिक्का प्रत्येक पाकिटावर पडतो, उरतात १४९२. मोठं पाकीट अडलं की अडवणाऱ्याने ‘लहान करून पाठव’ असा निरोप परत द्यायचा असतो. मधल्या कुणी तो निरोपच गाळून टाकला की पाठवणारा तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. लहान पाकिटांचा पिंग सुखाने जातो, म्हणून तो खोटा दिलासा देतो.

पडताळणी: पिंगला ‘डॅश मोठा एम, डू’ देऊन पाकीट फोडायला मनाई करायची आणि ‘डॅश एस १४७२’ असा आकार द्यायचा. पाकिटाच्या डोक्यावरचे २८ मिळून १५०० होतात. नाही गेलं? १४६४ द्या. ते गेलं तर हिशेब जुळला, १४६४ आणि २८, १४९२. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४९२ लिहायचं. त्याहून बरं म्हणजे राउटरमध्येच लिहायचं, म्हणजे घरातले सगळे फोनही सुटतात.

हे टिपण मला सर्वात आवडतं. सगळं पुराव्यानिशी सिद्ध होतं, बेरीज पाटीवर करता येते.

*

साडेपाच तास. एका यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की घड्याळ भांडतं. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स त्याच घड्याळाला ग्रीनिचची वेळ समजून त्यात साडेपाच तास मिळवतं. नेट मिळालं की लिनक्स स्वतःला सुधारतं आणि बोर्डावर ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं. मग विंडोज साडेपाच तास मागे. ‘टाइमडेटसीटीएल’ने एकदा ‘सेट-लोकल-आरटीसी १’ सांगितलं की मिटतं. विंडोज काढलंच असेल तर काहीच करू नका.

बोर्डावरचा सेलच गेला असेल तर गोष्ट गंभीर. घड्याळ काही वर्षं मागे गेलं की कुलूपवाल्या सगळ्या साइटची प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेली नाहीत’ अशी दिसतात आणि ब्राउझर लाल पान दाखवतो. लोकांना वाटतं व्हायरस. मी आधी कोपऱ्यातली तारीख बघतो. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात, तेव्हा काही महिन्यांचा फरकही पुरतो. सेल सीआर २०३२, घड्याळजीकडे मिळतो.

त्या लाल पानावर ‘धोका पत्करून पुढे जा’ दाबू नये. निदान बँकेच्या पानावर तरी!

*

नावं सोडवणारी फाइल म्हणजे ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’. नवखा ती उघडतो, आत १२७.०.०.५३ बघतो, ‘हे काय भलतंच’ म्हणून तिथे ८.८.८.८ लिहितो, खूश होतो. यंत्र बंद करून चालू केलं की पुन्हा ५३. कारण ती फाइल माणसाने लिहायची राहिलेली नाही. उबुंटूत ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हडी’ ती चालवतं आणि ५३ हा त्याचा स्वतःचा पत्ता आहे. खरे डीएनएस कुठले ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगतं. बदल करायचा तो त्या त्या वायफाय कनेक्शनच्या सेटिंगमध्ये.

शिवाय ब्राउझर हल्ली सिस्टिमला न विचारता परस्पर डीएनएस विचारू शकतात, एचटीटीपीएसवरून. ते चालू असलं की टर्मिनलमध्ये नाव लागत नाही आणि ब्राउझरमध्ये लागतं. किंवा ऑफिसातली फक्त आतल्या नेटवर्कला माहीत असलेली साइट टर्मिनलला सापडते, ब्राउझर मात्र जगभर विचारून ‘अशी साइट नाही’ म्हणतो. दोघांचं मत जुळत नसेल तर दोघं वेगवेगळ्या माणसाला विचारतायत, एवढं लक्षात आलं तरी पुरे.

*

उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स ‘स्नॅप’ म्हणून येतो. वेगळ्या कुंपणात राहतो. जुन्या यंत्रावर पहिल्यांदा उघडायला वेळ लावतो, ही कुरकुर खरी आहे. पण बाकीचे चमत्कार जास्त छळतात: ‘टीएमपी’ फोल्डरमधली फाइल डोळ्यांसमोर असताना ब्राउझर ‘फाइल नाही’ म्हणतो, कारण त्याचा टीएमपी वेगळा. जुने बुकमार्क ‘डॉट मोझिला’मध्ये आणून ठेवले तरी दिसत नाहीत, कारण त्याचं घर आता ‘स्नॅप’ फोल्डरच्या आत. मिंट अजून साध्या पॅकेजचा फायरफॉक्स देतं. वयस्कर मंडळींना मी मिंटच सांगतो, वाद घालत नाही.

*

सुटं सुटं.

‘डीएफ’ला ‘डॅश एच’ देऊन बघा. डिस्क शंभर टक्के भरली की ब्राउझर टॅब पाडतो, लॉगिन विसरतो, आणि कारण सांगत नाही.

‘सूडो फायरफॉक्स’ करू नये, म्हणजे तो रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने चालवू नये. आता फायरफॉक्स स्वतःच नकार देतो. पूर्वी द्यायचा नाही, आणि प्रोफाइलच्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसायच्या.

सुरू झाल्याबरोबर क्रोमने ‘कीरिंग’चा पासवर्ड मागितला तर तो चोर नाही. आपोआप लॉगिन ठेवलं की तिजोरी उघडायची राहून जाते, म्हणून विचारतो.

‘इफकॉन्फिग’ सापडत नाही म्हणून यंत्र बिघडलेलं नाही. पुस्तक जुनं आहे. आता ‘आयपी’. फ्रीबीएसडीवर मात्र अजून ‘इफकॉन्फिग’च.

व्हिडिओ कॉल अडखळतो पण डाउनलोड नीट होतं: वायफायची वीजबचत बंद करून बघा. नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत ‘पॉवरसेव्ह’पुढे ३ असेल तिथे २.

वायफायच गायब: ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर हुकुमाने सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेला बटण शोधा. नातू खेळला असेल.

बाहेरून घरच्या यंत्रावर यायचंय आणि राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये आहे? सोडून द्या. तो पत्ता कंपनीच्या आतल्या जाळ्यातला आहे, खरा बाहेरचा पत्ता कंपनीने अनेक घरांत मिळून वाटलेला असतो. हा पट्टा २०१२ मध्ये त्याचसाठी राखला. पोर्ट फॉरवर्डिंगचे व्हिडिओ बघून रात्र घालवू नका.

*

कुठूनतरी आणलेले हुकूम आंधळेपणाने चिकटवण्याबद्दल माझं मत कडक आहे. विशेषतः ‘सूडो’ने सुरू होणारे आणि ‘७७७’ (सगळ्यांना सगळी परवानगी) असलेले. एका वेळी एक बदल. बदलाआधीची ओळ वहीत. चाललं नाही तर जुनी ओळ परत. तीन उपाय एकदम केले आणि नेट सुरू झालं, तर काहीच कळलं नाही; पुढच्या महिन्यात पुन्हा बंद पडेल तेव्हा पुन्हा तिन्ही करावे लागतील. थर्मलमध्ये परमिटशिवाय वॉल्व्हला हात लावणाऱ्याला घरी पाठवायचे. इथे कुणी पाठवत नाही, म्हणून स्वतःच शिस्त लावायची.

*

पत्त्याच्या पट्टीत मराठी. डॉट भारत हे डोमेन देवनागरीत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. डीएनएसला मात्र आतून रोमन अक्षरंच चालतात, म्हणून ब्राउझर ‘भारत’चं ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि पुढे अक्षरांचा खिचडा करून विचारतो. कधीकधी तो खिचडा पट्टीतच दिसतो. तो बिघाड नव्हे, फसवणुकीपासून बचाव आहे, कारण वेगळ्या लिपीतली सारखी दिसणारी अक्षरं वापरून नकली साइट करता येते.

पानावर मराठीऐवजी चौकोन दिसत असतील तर नेटचा काही संबंध नाही, फॉन्ट नाही एवढंच. लोहित देवनागरी टाका. रेड हॅटने खुला केलेला फॉन्ट आहे, बहुतेक सगळ्या लिनक्सच्या भांडारात मिळतो. ‘ऱ्य’ आणि ‘र्‍य’ नीट दिसतात का तेवढं बघून घ्यावं.

*

रात्री लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर बंद. शेजारून हाक, “नेट गेलं का हो?” समोर थर्मलच्या चिमण्यांचे लाल दिवे लागलेले. इथल्या विजेवर मी काही बोलत नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, नाशिक रोडच्या बिटको चौकात.

*

कुणाच्या घरी जाताना पिशवीत: जोडणीची लॅन केबल, लाइव्ह पेनड्राइव्ह (त्यावरून यंत्र चालवून बघितलं आणि तिथे नेट लागलं, तर हार्डवेअर निर्दोष), डेटा जाणारी यूएसबी केबल (कित्येक केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, टेदरिंग होत नाही म्हणून फोनला दोष देऊ नका), एक सीआर २०३२, आणि यूएसबीची वायफाय डोंगल, अथेरॉसच्या एआर ९२७१ चिपची.

डोंगलबद्दल लिहून ठेवायला हवं. ही चिप लावली की चालते, ड्रायव्हर लिनक्समध्येच आहे, फर्मवेअरही खुलं. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन ७२२ एन या डोंगलमध्ये ती असायची, म्हणून जुने लोक अजून तेच नाव सुचवतात. पण ती पहिल्या आवृत्तीत. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेक आहे. मॉडेलचं नाव तेच, अँटेना तशीच. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘व्ही’ आणि आकडा असतो तो वाचायचा. सेकंडहँड घेत असाल तर दुकानदाराच्या यंत्राला लावून ‘एलएसयूएसबी’ टाका. ९२७१ दिसलं तर पैसे द्या.